खिळ्यांच्या बंदुकीची माझ्या माघारी करावयाची व्यवस्था

मी, शांताबाई ऊर्फ शांताक्का शिवानंद बिराजदार, वय एकोणसत्तर, राहणार तामलवाडी, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी, चष्मा लावून लिहून ठेवते ते असे की, माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. माझे दीर सिद्धलिंग यांचे याबाबत मत वेगळे आहे, पण ते डॉक्टर नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला कोणी घरात आलाच तर मी त्याला पट्टी धरायला उभा करते, त्यामुळे तो फार वेळ टिकत नाही.

कलम पहिले. घर.

आमचे घर सोलापूर-तुळजापूर रस्त्याला लागून आहे. भावाभावांच्या वाटणीत दक्षिणेकडचे अर्धे माझे यजमान कैलासवासी शिवानंद यांना व उत्तरेकडचे अर्धे सिद्धलिंग भाऊजींना आले. मधले दार दोघांचे. त्या दारातून दोन्हीकडे जाता येते आणि त्या दारात उभे राहून दोन्हीकडे भांडताही येते.

माझा अर्धा भाग, बँकेतील ठेव आणि दागिने माझी एकुलती मुलगी महेश्वरी हिला द्यावेत. ती लग्न होऊन भूम येथे नांदते. यात दुसऱ्या कोणी हिस्सा मागू नये. अट एकच. दारांच्या चौकटींभोवती मी ज्या सागवानी पट्ट्या ठोकल्या आहेत त्या काढू नयेत आणि त्यांवर ऑइलपेंट मारू नये. पॉलिश चालेल. त्या पट्ट्यांमुळे महेश्वरीचे लग्न जमले. हे तिलाही ठाऊक आहे, पण ती जावयांसमोर कबूल करत नाही.

कलम दुसरे. हातोडा.

यजमानांचा हातोडा भाऊजींना प्रेमपूर्वक द्यावा. प्रेमाचे कारण पुढीलप्रमाणे.

यजमानांची तुळजापुरात लाकडाची वखार होती. गावोगावची दारे त्यांच्या लाकडाची. स्वतःच्या घरात मात्र चौकट आणि भिंतीचा गिलावा यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट. ती झाकायला कडेने पट्टी मारायची, एवढेच काम. "दिवाळीला मारू," असे ते म्हणत. कोणत्या दिवाळीला, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितले नाही. पट्ट्या रंधा मारून, घासून, आरशासारख्या करून माळ्यावर ठेवल्या आणि ते गेले. माणूस चांगला होता. फक्त ठोकायचे राहिले.

फटींमध्ये पाली नांदू लागल्या. महेश्वरीला पाहायला लातूरकडचे पाहुणे आले, तेव्हा मुलाची आई मधल्या दाराशी खुर्ची टाकून बसली होती. तिच्या खांद्यावर वरून पाल पडली. बाई धीराच्या. त्यांनी उपिटाची बशी खाली ठेवली, पाल झटकली आणि बशी परत उचलली. प्रकरण तिथेच मिटले असते. पण भाऊजी उठले, खुंटीवरचे पंचांग काढले आणि बाईच्या त्या खांद्यावर पाल पडल्याचे फळ काय ते शोधू लागले. जे निघाले ते पाहुण्यांसमोर वाचण्यासारखे नव्हते. भाऊजींनी ते दोनदा वाचले.

पाहुणे चहा न घेता गेले. महेश्वरी म्हणाली, "आई, बरं झालं. नोकरी सोडणार का म्हणून त्या सारख्या विचारत होत्या."

मी म्हणाले, "ह्या खेपेला पाल तुझ्या बाजूनं होती. दर खेपेला असंल असं न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून पट्ट्या काढल्या आणि हातोडा घेतला. जुने सागवान दगडासारखे. खिळा वाकला, पट्टीचे टोक चिरले, गिलाव्याचा पोपडा पडला आणि शेवटी माझा अंगठा ठेचला. भाऊजी मधल्या दारातून बघत होते. "वैनी, हे बाईमाणसाचं काम न्हाय," असे म्हणून त्यांनी हातोडा घेतला आणि पहिल्याच घावात स्वतःचा अंगठा ठेचला. त्या आठवड्यात आम्ही दोघेही एकाच डॉक्टरकडे पट्टी बदलायला जात होतो, वेगवेगळ्या रिक्षाने. तो हातोडा त्यांनाच शोभेल.

कलम तिसरे. सोलापुरातील पट्टीचा तुकडा.

डॉक्टरांच्या दवाखान्यात नवे काउंटर बसवायचे काम चालले होते. तेथील मिस्त्री हातोडा न वापरता बंदुकीसारख्या यंत्राने खिळे मारत होता. टक् झाले की खिळा आत. भोकसुद्धा शोधावे लागे. मी दुखरा अंगठा धरून बघत राहिले आणि घरी येऊन भाऊजींना सांगितले की मी बंदूक आणणार.

भाऊजींनी ते गावभर सांगितले. संध्याकाळी पोलीस पाटील येऊन परवान्याचे विचारून गेले.

सोलापूरला मी पट्टीचे तुकडे पिशवीत घालून निघाले. भाऊजी सोबत आले, कारण बाई एकटी बंदूक आणायला गेली तर लोक काय म्हणतील. दुकानदार शहाणा होता, पण सगळे भाऊजींकडे बघून सांगत होता. टाचणीसारखा बारीक खिळा मारणारी बंदूक दाखवून म्हणाला, "साहेब, नाजूक कामाला." मग जाड खिळ्याची, हवेवर चालणारी दाखवली. मग मधल्या खिळ्याची, बॅटरीची. भाऊजी जाड खिळ्याच्या बंदुकीला हात लावून म्हणाले, "खिळा मोठा, तर पकड मोठी. ह्यात इचार काय करायचा?"

मी पिशवीतून तुकडे काढून काउंटरवर ठेवले. "बोलून काय उपयोग? मारून दाखवा."

दुकानदाराने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. खाली एक फळकूट घेऊन त्याने बारीक खिळा मारला. मी तुकडा हाताने ओढला, तो निघून आला. मग जाड खिळा मारला. शेंग फुटावी तसा तुकडा उभा फुटला. भाऊजी म्हणाले, "लाकूड खराब हाय." माझ्या यजमानांच्या लाकडाला दुसरे कोणी असे बोलले असते तर मी त्याच दुकानात दाखवले असते.

तोवर दुकानदारालाही चेव आला होता. बॅटरीची बंदूक उचलताना तो खाली फळकूट ठेवायला विसरला. नळीचे टोक लाकडाला दाबल्याशिवाय त्यातून खिळा सुटत नाही. त्याने दाबले, टक् झाले, आणि माझा तुकडा त्याच्या काउंटरला बसला. त्याने ओढला. नोकराने ओढला. भाऊजींनी काउंटरला पाय लावून ओढला आणि मागच्या रंगाच्या डब्यांवर जाऊन बसले.

"हीच द्या," मी म्हणाले.

दुकानदार म्हणाला, "आजी, ह्याच खिळ्याची हवेवरची हलकी पडेल, तिचा कॉम्प्रेसर तेवढा लाईटवर चालतो. ही हाताला जड आहे."

"तामलवाडीत लाईट तुमच्या सोलापुरासारखी न्हाय," मी म्हणाले. "ती तिच्या मर्जीनं येते. मी माझ्या मर्जीनं काम करते."

सदर तुकडा अद्याप त्या काउंटरला आहे. तो माझ्या मालमत्तेत धरावा व महेश्वरीच्या नावे करावा. काढायला मात्र कोणी जाऊ नये.

कलम चौथे. कॉम्प्रेसर.

कॉम्प्रेसर माझा नाही, त्यामुळे तो कोणाला द्यावा हे मी लिहू शकत नाही. तो आला कसा तेवढे लिहिते.

वहिनीकडे बंदूक आणि आपल्याकडे नाही, हे भाऊजींना सोसवले नाही. त्याच दुकानातून त्यांनी जाड खिळ्याची बंदूक आणि तिला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर आणला. आपल्या अर्ध्या घरातल्या पट्ट्या माझ्याआधी पुऱ्या करणार असे पारावर जाहीर केले. कॉम्प्रेसर आत मावेना, म्हणून ओट्यावर, रस्त्याच्या कडेला ठेवला. लाईट आल्यावर तो असा गरजला की शेजारच्या इरम्माची म्हैस दावे तोडून पळाली.

भाऊजी नळी जोडून पट्टीला बंदूक लावणार, तोच एक मोटारसायकल थांबली. तुळजापूरला दर्शनाला निघालेले जोडपे होते. "काका, हवा भरता का?"

भाऊजी नाही म्हणाले असते, तर त्यांच्या चौकटींना आज पट्ट्या असत्या. पण देवीला निघालेल्या माणसाला नाही कसे म्हणायचे? भरली. मागून दुसरी गाडी, तिच्यामागे टमटम. मंगळवार-शुक्रवारी तर रांग लागू लागली. हवा फुकट, वर भाऊजी प्रत्येकाला पंचांग बघून प्रवास कसा होईल तेही सांगत. माणसे येऊन बसू लागली, बोलू लागली. यजमान गेल्यापासून भाऊजींना मी इतके खुशीत पाहिले नव्हते. म्हणून मी आवाजाबद्दल काही बोलले नाही. माझ्या अंत्यविधीच्या वेळी तेवढा तो बंद ठेवावा.

कलम पाचवे. बंदूक.

माझ्या बाजूच्या सगळ्या चौकटी पुऱ्या झाल्या. राहिले मधले दार. ते मारायला घेतले त्याच दिवशी भूमचे पाहुणे येत असल्याचा निरोप आला. महेश्वरीने मुलाला आधीच पाहिले होते, बोलली होती, तिला तो पसंत होता. मला तिने हे भाकरी थापता थापता सांगितले. म्हणजे या खेपेला पाल पडून चालणार नव्हती.

शेवटची उभी पट्टी मारायची होती. भाऊजी नवे धोतर, टोपी घालून मधल्या दारात चौकटीला टेकून उभे. "वरच्या अंगाला वाकडी हाय, वैनी." मी पट्टी सरकवली. "आता खालती वाकडी हाय." मी त्यांना बाजूला व्हायला सांगितले. ते म्हणाले, दार दोघांचे आहे. मग मी वाकून, पट्टी दाबून, खालपासून वरपर्यंत खिळे मारत गेले. काम झाले आणि अंगणात गाडी थांबली.

भाऊजी पाहुण्यांना सामोरे जायला निघाले आणि निघालेच नाहीत. त्यांच्या धोतराचा सोगा पट्टीखाली सापडून चौकटीला ठोकला गेला होता.

मी हळूच म्हणाले, "थांबा भाऊजी, कात्री आणते."

"नव्या धोतराला कात्री?" ते दातांतून म्हणाले. "मी हितं माझ्या खुशीनं उभा हाय."

पाहुणे आत आले. भाऊजींनी दारातूनच शरणार्थ म्हणून हात जोडले. मुलाच्या वडिलांना खुर्ची दिली, तर ते म्हणाले, "तुमी वडीलधारे हुभे, आमी कसं बसावं?" भाऊजी म्हणाले, "न्हाय, तुमी बसा. आमच्यात पावण्याफुडं बसायची रीत न्हाय." ही रीत मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. मुलाचे वडीलही रीतीला कमी नव्हते. ते उभे राहिले, म्हणून मुलाची आई उभी राहिली, मुलगा उभा राहिला. उभ्याने चहा झाला. उभ्याने गव्हाची गोड हुग्गी खाल्ली. मुलाच्या वडिलांचा गुडघा दुखत असावा, कारण देण्याघेण्याचा विषय निघताच ते म्हणाले, "काय नको, तुमची पोरगी द्या, झालं." एरवी दिवसभर चालणारी बोलणी हुग्गी गार व्हायच्या आत संपली. जाताना ते माझ्याजवळ म्हणाले, "दिराचं वळण बघून घर कळलं, अक्का."

गाडी गेली. महेश्वरी भिंतीला धरून हसत होती. भाऊजींनी एकदा जोर लावून पाहिला, पट्टी हलली नाही. मग त्यांनी पट्टीवरून खालपासून वरपर्यंत बोट फिरवले.

"वैनी," ते म्हणाले, "पकड चांगली हाय."

मी लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी माझ्या कोणत्याही निवडीला चांगले म्हटल्याचा हा पहिला प्रसंग. मी कात्री आणली.

तर सदर बंदूक, बॅटरी, चार्जर व उरलेले खिळे. जावई योगीराज यांनी ती गमतीत दोनदा मागितली आहे. त्यांना देऊ नये. त्यांच्या घरी फटी नाहीत. बंदूक भाऊजींना द्यावी आणि त्यांनी तिने आपल्या बाजूच्या चौकटींना पट्ट्या माराव्यात. माळ्यावर त्यांच्या वाटणीच्या पट्ट्या मी पुसून ठेवल्या आहेत.

कलम सहावे. साक्षीदारांबाबत.

येथपर्यंत लिहून झाल्यावर आज सकाळी मी वकील रुद्रेश यांना घरी बोलावले. भाऊजी साक्षीदार म्हणून स्वच्छ टोपी घालून, स्वतःचे पेन घेऊन आले. वकिलांनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रात काही मिळणार आहे, त्याने साक्षीची सही न केलेली बरी. पुढे उगाच कोणी शंका घेते.

भाऊजींनी मला विचारले, "मला काय ठिवलंय?"

"हातोडा," मी म्हणाले.

त्यांनी पेनाचे टोपण काढले.

"आणि बंदूक."

त्यांनी टोपण परत लावले, पेन खिशाला अडकवले. "मग आपली सही न्हाय," असे वकिलांना सांगून ओट्यावर गेले. त्यांच्या जागी साक्षीला मी इरम्माला बोलवायला माणूस पाठवला. तेवढ्यात भाऊजी पुन्हा मधल्या दारात आले आणि माझ्याकडे न बघता चौकटीला म्हणाले, "पण वैनी, घाई न्हाय."

हे वाचून पाहिले, बरोबर आहे. माझ्या सहीनंतर साक्षीदारांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर करायची वेळ आली तर ते भाऊजींनी मला पुन्हा पट्टी वाकडी म्हटले म्हणून आली, असे समजावे.

ठिकाण: तामलवाडी, ता. तुळजापूर, जि. धाराशिव
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४

लिहून ठेवणार:
शांताबाई शिवानंद बिराजदार (सही)

साक्षीदार:
१. रुद्रेश, वकील, राहणार तुळजापूर (सही)
२. इरम्मा, शेजारीण, राहणार तामलवाडी (सही, म्हैस सापडली आहे, तशी नोंद तिच्या सांगण्यावरून)