आता डबा वाजवतो

बाबा, आज आईनं कानात मशीन घातलं. गेल्या दिवाळीपासून ते कपाटात, मोज्यांच्या खणात पडून होतं. आज दुपारी तिनं ते स्वतः मागून घेतलं. तुम्ही असता तर मिशीत हसून म्हणाला असता, "काय, शरण आल्या का बाईसाहेब?" शरण कसली येते ती! जिंकूनच बाहेर आली. पण थांबा, एकदम शेवट सांगितला तर तुम्ही दचकाल. आपल्या घरचा कायदा मी अजून मोडलेला नाही. आधी वर्दी, मग आवाज.

आठवतो ना तो कायदा? अमरावतीचं हेच स्वयंपाकघर, हाच ओटा. इथंच बसून लिहितेय मी. आई कुकर लावते आणि बैठकीकडे तोंड करून ओरडते, "कुकर लावला व्हय! शिट्टी होईन!" तुम्ही पेपरामागून म्हणता, "होऊ द्या." मोहरी टाकण्याआधी, "तडतड होईन!" "होऊ द्या." दार लोटायचं तरी सांगून, पाटा उचलायचा तरी सांगून. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं. एकदा मैत्रिणीकडे मुक्कामाला गेले आणि तिच्या आईनं न सांगता परात आपटली, तर मीच म्हटलं, "काकू, सांगाचं नं आधी!" त्या माउलीनं माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका. आणि तुमचं रागावणं, तेही या कायद्यातलंच. मी लहान असताना मागून येऊन "भो!" केलं होतं. तुम्ही खुर्चीवरून थेट जमिनीवर, डोक्यावर दोन्ही हात. आई धावत आली, मी भोकाड पसरलं. बऱ्याच वेळानं तुम्ही मला मांडीवर घेतलं. "भो कर, बेटा," म्हणालात, "पण सांगून करत जा." मग काय, मी रोज सांगून करायला लागले. "बाबा, भो करून राहिले हं!" आणि तुम्ही माझ्यासाठी खोटंखोटं दचकायचे. दचकायचं नाटक करणारा सैन्यातला कॅप्टन मी दुसरा पाहिला नाही.

माझी नोकरीही त्याच वळणाची निघाली. अकोल्याच्या एसटी स्टँडवर मी कंट्रोलर आहे. दिवसभर माइकसमोर बसून मी लोकांना काय येणार आहे ते आधी सांगते. अकोट, अंजनगाव, परतवाडा मार्गे चांदूर बाजारकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे, असं म्हणताना दरवेळी मला वाटतं, ही आपल्याच घरची गाडी. अकोट आईचं, चांदूर बाजार तुमचं. मधल्या रस्त्यानं मी झाले.

लढाईबद्दल तुम्ही मला एकदाच बोललात. संत्री सोलत बसलो होतो. मी विचारलं, गोळीचा आवाज कसा असतो. तुम्ही फोडीवरची शीर काढत म्हणालात, "गोळी आधी येते, बेटा. आवाज मागून येतो. माझ्या बाजूचा जवान चहा ओतत होता. कप भरायच्या आधीच तो गेला, आणि आवाज त्याच्यानंतर आला." एवढंच बोललात आणि फोड माझ्या हातावर ठेवलीत. ती मी खाल्ली.

बाकीचं मला आईनंच सांगितलं, आणि ते किती वेळा! दरवेळी तीच मीठमिरची, तुम्ही बाजूला बसून मान डोलवायचे आणि फक्त एक दुरुस्ती करायचे, "हिच्या वेणीची रिबीन लाल होती." आई म्हणायची निळी होती.

तर, एकाहत्तरच्या लढाईवरून तुम्ही गावी आलात ते घरात राहिलातच नाही. देशमुखांचा धाकटा मुलगा, अर्ध्या शिवाराचा मालक, आणि संत्र्याच्या बागेतल्या खोलीत दार लावून बसला. एक बादली पडली तर खाटेखाली सापडला. मग तुमच्या वडिलांनी, आबांनी, फर्मान काढलं, आवाज बंद. बैलांच्या घागरमाळा काढल्या. शेतावरचे सालगडी, सालदार, पायातली वहाण हातात घेऊन बागेत यायचे. भुलाबाईचा महिना सुरू झाला तर पोरींना निरोप गेला की यंदा देशमुखांच्या दारी गाणी नाहीत, टिपऱ्या नाहीत. आणि नेमकी त्याच महिन्यात अकोटच्या एका शिंप्याची पोरगी मावशीकडे भुलाबाई खेळायला आली. विशीची. जीभ अशी की कैचीची धार कमी पडावी.

तिनं चार दिवस पाहिलं. मग सालदाराला बागेच्या बांधावर गाठून झापलं. "चोरावानी काहून चालता तुमी? तुमी असे मांजरावानी येता, एकदम उभे राह्यता, मंग तो मानूस दचकन नाई तं काय करन? तो आवाजाले नाई भेत, अचानकले भेते!"

बाबा, डॉक्टर झाले, वैद्य झाले, लष्कराचा दवाखाना झाला, पण हे एवढं वाक्य तोवर कोणाच्या तोंडून निघालं नव्हतं.

संध्याकाळी ती खिरापतीचा डबा घेऊन बागेच्या टोकाला उभी राहिली. भुलाबाईची गाणी झाली की पोरी झाकलेला डबा वाजवतात आणि आवाजावरून आत काय आहे ते ओळखायला लावतात. हा सगळा बायकांचा खेळ. देशमुखाच्या पोरापुढं कोणी असा डबा धरला नसेल. ही लांबूनच ओरडली, "ओ साहेब! मी येऊन राहिली! एकटीच हाव! हातात डबा हाय!" मग दहा पावलं पुढं. "आता डबा वाजवतो!" मग थांबली. मग वाजवला. "ओळखा, आत काय हाय? ओळखलं तं डबा तुमचा. नाई ओळखलं तं उद्या परत येतो."

दार उघडलं नाही. ती दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या दिवशी आली. मावशी म्हणाली, पोरी, आबासाहेब तंगडं मोडतीन. हिनं मोडू द्या म्हटलं आणि चौथ्या दिवशीही गेली. आणि त्या दिवशी बंद दारामागून एक शब्द आला.

"गोटे."

"चूक!" ही आनंदानं किंचाळली. "खारका होत्या! उद्या येतो!"

मग रोज तेच. फुटाणे असले तरी गोटे, खोबरं असलं तरी गोटे, शेंगदाण्याचे लाडू, ज्यांचा धड आवाजही होत नाही, तरी गोटे. हळूहळू दार उघडायला लागलं, मग तुम्ही उंबऱ्यावर बसायला लागलात, मग हसायला लागलात. आणि आईला, एवढ्या हुशार बाईला, पंधरवडा लागला कळायला की हा माणूस मुद्दाम चुकतोय. ओळखलं असतं तर ती उद्या आली नसती. हे सांगताना ती अजून लाजते, बाबा. पंचाहत्तरीला आली तरी लाजते!

कोजागिरीला भुलाबाई उठली आणि दुसऱ्या दिवशी तिची अकोटची गाडी होती. मावशीच्या अंगणात पोरींनी फेर धरलेला, टिपऱ्या कडाकड वाजतायत, आणि बागेच्या रस्त्यानं तुम्ही चालत आलात. इस्त्रीचा सदरा, हातात डबा. सगळ्या टिपऱ्या जागच्या जागी थांबल्या. आई म्हणाली, "थांबता काहून वं? साहेब, टिपऱ्या वाजतीन आता." तुम्ही म्हणालात, "वाजू द्या." अंग थरथरत होतं तुमचं, ती सांगते, पण पाय हलले नाहीत. टिपऱ्या वाजल्या. तुम्ही अंगणाच्या मधोमध उभे राहून डबा वर धरलात. "आता डबा मी वाजवतो. ओळखा."

शिंप्याची पोर ती. एकाच खुळखुळाटात तिनं सांगितलं, "बटनं. पितळीची. मांगं कडी असलेली."

"बरोबर," तुम्ही म्हणालात. "डबा तुमचा."

तुमच्या वर्दीची बटणं होती ती. स्वतःच्या हातानं काढलेली. आणि अंगणात असलेल्या प्रत्येकाला कळलं की नुसता डबा दिलेला नाही. तेवढ्यात आबा आले. कोणी चहाडी केली कोण जाणे, पण आले ते आभाळ फाटल्यासारखे गरजत, "शिंप्याची पोर आनतं काय देशमुखाच्या घरात? हे ऐकाले जिता आलास काय तू?" अख्खं गाव ज्या आवाजाला टरकायचं तो आवाज. सगळ्यांना वाटलं, आता हा पुन्हा खाटेखाली जाणार. तुम्ही शांतपणे म्हणालात, "आबा, यापेक्षा मोठे आवाज ऐकून आलो मी."

आणि आईनं कंबरेवर हात ठेवून वर पुस्ती जोडली, "आन आबासाहेब, सांगून बोंबलत जा जरा. ह्यायले दचका बसते."

वा रे वा! मी तिथं असते तर टिपऱ्या घेऊन नाचले असते. लग्न अकोटला लागलं, आबा आले नाहीत, तुमचा कोट सासऱ्यानंच शिवला. मग तुम्ही दोघांनी अमरावतीला हे घर केलं. पण पुढच्या कोजागिरीला याच घराच्या फाटकाशी एक म्हातारा खाकरला आणि आत न येता ओरडला, "मी येऊन राहिलो व्हय! एकटाच हाव!" आईनं स्वयंपाकघरातून उत्तर दिलं, "या, आबासाहेब!" तिथं सगळं भांडण मिटलं.

आता आजचं सांगते. आईचे कान गेल्या दोनतीन वर्षांत गेले. आधी ती वाद घालायची की लोकच हळू बोलतात. मग वाद घालणंही थांबलं. तिला पाठीमागून कोणी आलेलं कळेना. कामवालीनं खांद्याला हात लावला तर किंचाळून दुधाचं पातेलं सोडलं. मी अकोल्याहून यायची, दारातून "आई, आली मी!" म्हणून स्टँडवरच्या आवाजात ओरडायची, आणि ती समोर मला एकदम पाहून छातीला हात लावायची. बाबा, ती तुमच्यासारखी दचकते. तेच हात, तेच डोळे. शेवटी ती मागच्या खोलीत जाऊन बसली आणि दार लावून घेतलं. जेवण खोलीत, दिवस खोलीत. मशीन आणलं तर म्हणाली, "मले काय ऐकाचं राह्यलं? ज्याचं ऐकाचं होतं तो गेला." मी माइकवर पन्नास गावांची नावं घेते, पण त्या दारापुढं माझा आवाज बसतो. मला खरंच भीती वाटली की ती त्या खोलीतून आता बाहेर यायची नाही.

उद्या कोजागिरी. मी दोन दिवस आधीच आले. आज दुपारी माळ्यावरून डबा काढला. तोच. झाकण गंजलंय, बटणं हिरवी पडलीत. मागच्या खोलीचा दिवा मी बाहेरच्या बटणावरून एकदा बंद केला, चालू केला, म्हणजे तिला कळावं की कोणीतरी येतंय. मग दार उघडून उंबऱ्यावर बसले आणि डबा तिला दिसेल असा धरून वाजवला. हातानं विचारलं, ओळख.

तिनं डबा पाहिला. माझ्याकडे पाहिलं. चष्मा पुसला. मी परत वाजवला. तिला ऐकू येत नव्हतं आणि ते तिला सहन होत नव्हतं, मला दिसत होतं. जिनं भर अंगणात एका खुळखुळाटात बटणं ओळखली, तिच्यासमोर डबा वाजतोय आणि तिला फक्त माझा हात हलताना दिसतोय! तिसऱ्यांदा वाजवला तशी ती कडाडली, "थांब नं वं! असं कसं ओळखू मी? आन ते मशीन इकडं! कुठी ठेवलं तुनं?"

जणू पूजेला बसावं तसं हात धुऊन मी ते मशीन तिच्या कानात बसवलं. आधी स्वतःच्या साडीची सळसळ ऐकून तिनं मान फिरवली. मग बाहेर कोणाची तरी स्कूटर गेली. मी म्हटलं, "आई, आता डबा वाजवतो." आणि वाजवला.

बाबा, तुम्ही तो चेहरा पाहायला हवा होता. डोळे मिटले तिनं. ओठ हलले. बटणं तिला पहिल्याच खुळखुळाटात कळली, माझी शंभर टक्के खात्री आहे. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पदरानं टिपलं, आणि मग माझ्याकडे पाहून अगदी साळसूदपणे म्हणाली,

"गोटे."

मला आधी वाटलं, नीट ऐकू आलं नाही बिचारीला. तोंड उघडून सांगणारच होते की आई, बटणं आहेत. मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मी उंबऱ्यावरच हसत-रडत बसले. "चूक," मी म्हटलं. "उद्या परत येतो."

"येजो," ती म्हणाली. आणि तेवढ्यात मी मघाशी लावलेल्या कुकरची शिट्टी झाली तशी उठून तरातरा स्वयंपाकघरात गेली. "कोनं लावला वं कुकर न सांगता? ह्या घरात काही रीत राह्यली का नाई?" मी जोरात म्हटलं, "होऊ द्या!" ती वळली, माझ्याकडे पाहिलं, आणि गॅस बारीक केला.

आता ती गच्चीवर गेलीय, उद्याच्या दुधासाठी जागा झाडायला. झाडूचा आवाज इथपर्यंत येतोय. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, बटणांवर घडी करून ठेवीन. माझी बॅग सकाळीच भरून ठेवली होती, बाबा, परवा पहाटेची ड्युटी आहे म्हणून उद्याची संध्याकाळची गाडी पकडायची होती. पण उद्याही ती गोटेच म्हणणार आहे, आणि परवाही. म्हणून डेपोतल्या साहेबांना फोन करून सांगितलं की पोट दुखतंय, चार दिवस येता येणार नाही. पोट काही दुखत नव्हतं.