मोबाईलमधल्या फाट्यावरची गाडी

सुमनच्या बाबांस,

जित्तेपणी नाव घेऊन कधी हाक मारली न्हाई, आता कुठं मारू. चौथी शिकलेल्या बाईचं पत्र हाय, चुका काढत बसू नका. लिवायचं कारण एवढंच की आज सकाळी माझ्या हातून तुमची गाडी हालली. तुमी गेल्यापासून चार महिने ती मोबाईलमधल्या त्या फाट्यावर उभी होती, तुमी सोडली तशीच. आता ती तिथं न्हाई. हे मीच सांगायला पायजे. दुसरं कोण सांगंल?

रोज मी मोबाईल चार्जिंगला लावायची, गेम उघडायची अन् बघायची. निळी गाडी, चार रस्ते, कडेला एक खांब. एवढं बघून बंद. गेम बंद करून उघडला तरी गाडी ठेवल्या जागी राहती, हे त्याचं एक चांगलं हाय. माणसाचं तसं न्हाई.

वीस वर्षं तुमी सेलू-वालूर काळीपिवळी जीप चालवली. मग लकवा आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. तोंड वाकडं झालं तरी शिव्या सरळच यायच्या. जीप दुसऱ्याच्या दारात गेली अन् तुमी बाजेवर. रस्त्यानं हॉर्न वाजला की आवाजावरून सांगायचे, कोणाची गाडी, किती सीट भरली. गाडीत बसणाऱ्या माणसाला तुमी सीटच म्हणायचे. ते ऐकून माझं डोस्कं उठायचं. मी म्हणायची, गप बसा की जरा. कामून म्हणायची मी असं? गपच तर बसलेले होते तुमी.

दिवाळीला सुमन मानवतहून आली तवा तिचा जुना मोबाईल घेऊन आली. त्यात तिनं हा गाडीचा गेम टाकून दिला. म्हणाली, "बाबा, ह्यात कुठंबी जाता येतंय. रस्ता सोडून बी जा, कुणी अडवत न्हाई."

तुमी विचारलं, "परमिट लागतंय का?"

सुमन हसली. तुमी न्हाई हसले.

पर त्या गेमला दोन अंगठे लागतात. डाव्यानं गाडी वळवायची, उजव्यानं रेस अन् ब्रेक. तुमच्याकडं डावाच होता. म्हणून माझा उजवा धरला. मधी उशी, उशीवर मोबाईल, अलीकडं तुमी, पलीकडं मी. तुमी म्हणायचे, "दे. सोड. दे की. अगं सोड म्हणलं ना, खांब आला." लगीन झाल्यापासून एवढा वेळ आपण एकमेकांच्या शेजारी कधी बसलो होतो?

पहिल्या दिवशी तर शेजारची गयाबाई दारात येऊन हसत उभी राहिली. गेमातल्या त्या देशात समदे उजवीकडून चालवतात. तुमी डावी सोडायला तयार न्हाई. समोरून येणारी एकूणएक गाडी आपल्यावर. तुमी म्हणले, "बघ कांते, समदा देश राँग साईडनी यायलाय."

खोटं कशाला बोलू, मला बी गोडी लागली होती. एकदा मी म्हणलं, रस्ता सोडा. तुमी डोंगरावरून गाडी खाली घातली अन् मी रेस दाबली ती सोडलीच न्हाई. खाली समुद्र होता. मी समुद्र कधी बघितलेला न्हाई, अन् हा बी काई खरा न्हाई, पर उन्हानं चमकायचा. त्याच्या कडंकडंनी आपण गेलो. भाकरी करपली त्या दिवशी. तुमी करपलेलीच खाल्ली.

मग तो लांब पूल लागला. निम्म्यावर गाडी थटली. पुढं रस्ता दिसायलाय, पर गाडी जाईना. मी रेस दाबून दाबून अंगठा लाल केला. सुमनला फोन लावला तर ती म्हणाली, तिथं गेमचं जग संपतंय. मग कुठंबी जाता येतंय असं कामून म्हणतात? शेवटाला भिंत हायच, दिसत न्हाई एवढंच.

अन् तिथं कशाचं काईच वाटत न्हाई. खांब पाडावा, माघारी येऊन बघावं तर उभा. डिझेल संपत न्हाई, टायर फुटत न्हाई. तुमी म्हणले, "अशी गाडी मला वीस वर्षं पायजे होती." पर एक दिवस माझ्या रेसनं एक माणूस उडाला. उडाला, उठला, कपडे झटकले, गेला. मी म्हणलं, उठला की तो. तुमी मोबाईल पालथा घातला. म्हणले, "उठला म्हणून काय झालं? आपण उडवला का न्हाई?" त्या दिवशी गाडी परत काढली न्हाई.

एवढं समदं कळत होतं तुमाला, मग गेमातल्या त्या बाहुल्यांचं कामून कळंना?

चार रस्ते दिसले की गाडी बाजूला घ्यायचे. कडेला कुणी उभं असलं की हॉर्न द्यायचे अन् मोबाईलवर तोंड करून वरडायचे, "चला सेलू, सेलू, सेलू." मग थांबून राहायचे. मी रेस दाबायला गेले की, "थांब. गाडी भरल्याबिगर हालत न्हाई." फाट्यावर जीपचा नंबर लावल्यावानी. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ती माणसं येतात, जातात, गाडीकडं बघत बी न्हाईत. त्या गेमात समदं हाय, पर गाडीत बसायला सीट मिळत न्हाई. मी म्हणायची, "बसत न्हाईत ते. तसं केलेलंच न्हाई त्यात." तुमी म्हणायचे, "सांगता येत न्हाई. एखादं बसंल."

खऱ्या सीटसाठी तुमी मला उतरवलं होतं, ते आठवतं का? नवी नवरी होते मी, माहेराहून यायले होते. देवगाव फाट्यावर एक पाहुणा आला तर मला म्हणले, "उतर जरा. घरची सीट कुठं पळून जायलीय?" अन् त्याला माझ्या जागी बसवून गेले. मी पिशवी धरून फाट्यावर दोन तास उभी. दुसऱ्या खेपेला न्यायला आले. पुढची सीट तर मला कधीच मिळाली न्हाई, हमेशा मागं, पोत्यांपाशी. तो राग माझ्या मनातून कधी गेला न्हाई. पर तुमच्या शेवटच्या दिवशी मी बोलले ते त्याच रागानं बोलले का, ते माझं मलाच सांगता येत न्हाई.

त्या दिवशी सकाळी मी कापूस येचायला निघाले होते. तुमी हाक मारली. "कांते, पाच मिनिटं अंगठा दे. कालच फाट्यापाशी आलोय. पुढं दोघीजणी उभ्या हायेत."

मी म्हणलं, "त्या बाहुल्या हायेत. तुमाला लकवा हाताला झाला का डोस्क्याला?"

तुमी म्हणले, "बरं. जा तू." एवढंच. शिवी तरी द्यायची होती.

दुपारी आले तर तुमी भिंतीला टेकलेले, मोबाईल मांडीवर, काच काळी. गयाबाईनं हात लावून बघितला अन् मला बाहेर बसवलं. तुमचं तेरावं झाल्यावर मी गेम उघडला. गाडी फाट्यावर उभी होती, पुढं चार हातांवर त्या दोघी उभ्या होत्या ती जागा. माझ्या एका अंगठ्यासाठी राहिली होती.

काल सुमन आली. मोबाईल हातात घेऊन म्हणाली, "आई, बॅटरी फुगली हाय ह्याची. लय दिवस न्हाई टिकायचा." रात गेली तशीच. सकाळी उघडला तर खांबापाशी दोघीजणी उभ्या. त्याच होत्या का दुसऱ्या, काय माहीत, समद्या सारख्याच दिसतात. मला वाटलं, बंद पडायच्या आधी गाडी तेवढी चार हात पुढं न्यावी. तुमची सीट घ्यावी.

उजवा अंगठा माझा होता, त्याला सवय होती. डावा तुमचा होता. मी रेस दिली अन् गाडी वळंचना. त्या दोघी वरडत पळाल्या, खांब पडला, अन् गाडी खाली नदीत. पाणी काचंपर्यंत आलं. काच काळी झाली. मग काय बघते तर गाडी भलत्याच रस्त्यावर उभी, धुतल्यावानी, एक वरखडा न्हाई. गेमला वाटलं असंल, लय मेहरबानी केली.

दुपारपर्यंत हुडकायले मी. सात फाटे सापडले. सातही तसलेच, चार रस्ते अन् खांब. तुमचा कोणचा, मला वळखू आला न्हाई. सुमन म्हणती, हुडकू आपण. तिला काय सांगू, मी तो फाटा चार महिने बघितला पर रस्ता कधी बघितला न्हाई. रस्ता तुमी बघायचे.

आता सापडंल असं मला वाटत न्हाई. सापडला तरी तिथं उभी केलेली गाडी तुमची न्हाई, माझी असंल.

एक शब्द देते, तेवढा मात्र पाळीन. सातव्या फाट्यावर मी गाडी बाजूला घेतलीया, डावीकडं, तुमी घ्यायचे तशी. हॉर्न दिलाय. बॅटरी हाय तवर रोज उघडीन अन् रोज हॉर्न देईन. पर गाडी भरल्याबिगर रेस दाबणार न्हाई. अन् ती भरणार न्हाई, हे मला त्या दिवशी बी माहीत होतं अन् आज बी माहीत हाय.

देवगाव फाट्यावर उतरवलं तवा दुसऱ्या खेपेला न्यायला आले होते. ह्या खेपेला मी वाट बघत न्हाई. नुसती उभी हाय.

तुमची घरची सीट,
कांता