दहावं चित्र

ताई,

अर्जासोबत दहा चित्रं मागितली होती आणि माझ्याकडे नऊच होती. तू काढलेलं आईच्या हातांचं चित्र कपाटात पडून होतं, ते मी दहावं म्हणून जोडलं. तू नाही म्हणाली नसतीस, तरी तुला विचारलं नाही.

चित्रकारांना इथे सहा महिने राहायला आणि काम करायला खोली देतात. माझी निवड त्या हातांवरच झाली, हे आल्यावर कळलं. रोज कुणीतरी डोकावून विचारतं, "हात कधी काढणार?" मी कागद फाडत बसते. आज संचालिकाबाईच दारात उभ्या राहिल्या. मी हातातला कागद खाली ठेवला. म्हटलं, "ते चित्र माझ्या बहिणीचं आहे."

"मग तिने अर्ज का नाही केला?"

आईचं सगळं तू करतेस म्हणून मी इथे येऊ शकले, एवढंच सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "ती आता नाही."

हाकलतील असं वाटलं होतं. बाईंनी मला जवळ घेतलं. चित्राखाली आता तुझं नाव लागलंय, काळ्या चौकटीत. उद्या सकाळी बाई आईचं सांत्वन करायला फोन करणार आहेत. नंबर अर्जात मीच दिलाय.

हे पत्र पोचायला दहा दिवस लागतील. स्वतः फोन करायचा धीर होत नाही. आणि आपल्या घरी फोन नेहमी तूच उचलतेस.

तुझीच,
धाकटी