कडुबाच्या दारात टांगायचा चेसीचा तुकडा

मी, धोंडिबा सोनाजी देवकाते, वय एकोणसत्तर, धंदा गाड्यांच्या चेसी दुरुस्तीचा, राहणार उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतः सांगून टाईप करून घेत आहे. माझे हृदय अर्धेच चालते असे डॉक्टरांचे मत आहे. डोके पूर्ण चालते, असा त्यांचाच दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट "जाऊ द्या आता" असे घरच्यांनी शंभरदा सांगून पाहिले. मी जाऊ देणार नाही. नऊ वर्षे माझ्या नावाला जो डाग आहे तो धाकटा भाऊ कडुबा याने लावला, आणि या कागदाने मी तो त्याच्या दारात नेऊन ठेवणार आहे.

१. उस्मानपुऱ्यातील दोन खोल्या पत्नी राजाबाई हिला, तिच्या पश्चात मुलगी शालू हिला. याबाबत कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही.

२. वेल्डिंग मशीन, गॅसच्या नळ्या, दोन्ही जॅक आणि शेड शालूला. पोरीच्या हातात गॅसची ज्योत शोभत नाही, असे कडुबा तिच्या सासरच्यांसमोर बोलला होता. शालूने शेडच्या पाटीवर स्वतःचे नाव घालावे, आणि अक्षरे रस्त्यापलीकडून कडुबाला वाचता येतील एवढी मोठी काढावीत.

३. आता कडुबाविषयी. हा धंदा त्याला मी शिकवला. पिकअपची लोखंडी चेसी वाकली तर ती तापवायची, लाल झाली की जॅक लावून सरळ करायची, हे तो माझ्या शेजारी उकिडवा बसून शिकला. पुढे त्याने रस्त्यापलीकडे स्वतःचे दुकान थाटले आणि पिकअपची मागची चेसी अ‍ॅल्युमिनियमची करून द्यायला लागला. मला म्हणाला, "दादा, लोखंडाचे दिवस गेले. गाडी हलकी झाली की माल लई बसतो, अन् गंज तर नायच." यात खोटे काही नव्हते. लोखंड गंजते, जड असते, हे मीही मान्य करतो. पण लोखंड मोडण्याआधी वाकून दाखवते, आणि तापले की रंगाने सांगते. अ‍ॅल्युमिनियम रंग बदलत नाही. काळजी न घेता तापवले तर ते दिसायला तसेच राहते आणि आतून जीव सोडते. हे मला शहागंजातल्या एका भांडेवाल्याने सांगितले होते. तो तापवण्याआधी त्यावर साबण घासायचा आणि साबण तपकिरी झाला की ज्योत काढून घ्यायचा. कडुबाला मी हे सांगायला गेलो तेव्हा तो चार गिऱ्हाइकांसमोर मला हसला. "दादाचं डोकंबी लोखंडाचंच हाय," म्हणाला. त्यानंतर मी त्याला काही सांगितले नाही.

४. सन २०१६ मध्ये धम्मपाल खरात या ड्रायव्हरची पिकअप मागे घेताना खांबाला धडकली आणि कडुबाने केलेली चेसी वाकली. कडुबाने ती सरळ करून दिली. त्याच आठवड्यात मी त्या गाडीला स्टेपनीचा हूक बसवला, त्यासाठी चार भोके पाडली. नंतर खुलताबादहून अद्रक भरून उतरताना घाटात चेसी केबिनमागे दुमडली. धम्मपालचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. तो आज शहागंजात कुलपे दुरुस्त करतो.

५. चौकशीला आलेल्यांसमोर कडुबा म्हणाला, "दादानं भोकं पाडली म्हणून फ्रेम गेली." बाजाराला तेवढे पुरले. माझ्याकडच्या गाड्या दुसरीकडे जाऊ लागल्या. मोडका तुकडा मी भंगारातून उचलून आणला. चारही भोके शाबूत आहेत. मोड त्यांच्यापासून हातभर लांब आहे, बरोबर तिथे जिथे कडुबाने ज्योत धरली होती. तुकडा शेडमध्ये माझ्या खाटेखाली आहे. तो कडुबाला देत आहे.

६. कडुबाचे दुकान ज्या जागेवर उभे आहे तिचा निम्मा हिस्सा माझ्या नावे आहे. हा हिस्सा मी विकावा म्हणून त्याने राजाबाईच्या पाया पडूनही पाहिले. तो हिस्सा मी धम्मपाल खरात यास कायमचा देत आहे. कडुबाने वरील तुकडा दुकानाच्या दारात टांगला आणि खाली "हे मी तापवले" असे लिहिले, तर धम्मपालने त्याला त्या हिश्श्यात भाडेकरू म्हणून राहू द्यावे अशी माझी विनंती आहे. न लिहिल्यास तो हिस्सा खाली करून घ्यावा. माझ्या तिरडीपुढचे मडके कडुबाने धरू नये.

७. हे कलम मी राजाबाईच्या सांगण्यावरून घालत आहे. कडुबाने ती चेसी तापवली तेव्हा मी समोर माझ्या शेडच्या दारात चहा पीत बसलो होतो. तो लाल रंगाची वाट पाहत राहिला. लोखंडाची सवय, मीच लावलेली. रंग येईना म्हणून तो ज्योत हलवीना. साबणाची वडी मोरीवर होती, दहा पावलांवर. मी उठलो नाही. मोडू दे एकदा, बाजाराला कळू दे, असे माझ्या मनात आले. गाडीत माणूस बसतो हे मनात आले नाही.

दवाखान्यात धम्मपाल मला म्हणाला, "काका, तुमची भोकं तर शाबूत हायत. मंग मोडलं कशानं?" मी म्हणालो, "काय म्हाईत." घरी राजाबाईने विचारले, "तुम्ही पाह्यलं व्हतं, मंग बोलला का नाय?" मला लाज वाटते, आणि कडुबावरचा रागही तसूभर कमी झालेला नाही.

हे मृत्युपत्र शेडमध्ये कडुबा आणि धम्मपाल दोघांसमोर मोठ्याने वाचावे. दादाही दोषी आहे, असे कडुबा म्हणेल. म्हणू दे. पण ते म्हणायला त्याला आधी स्वतःचा दोष कबूल करावा लागेल. धम्मपालने जागा घेतली आणि वर मला शिव्या घातल्या, तर शालूने मध्ये पडू नये. त्याला पोटभर बोलू द्यावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. एकही शब्द खोडलेला नाही.

सही: धोंडिबा सोनाजी देवकाते

आमच्या देखत सही केली:
१. तात्यासाहेब रंगनाथ बोर्डे, सेवानिवृत्त तलाठी, उस्मानपुरा
२. डॉ. मोनिका अशोक साबळे, उस्मानपुरा

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५