पंधराव्या कादंबरीसाठी

४ जून
आले एकदाची! ताई सोडून गेली. वरची खोली झकास आहे. खिडकीशी टेबल, त्यावर कॉम्प्युटर, समोरच्या फळीवर बाईंच्या चौदा भयकादंबऱ्या. बाई हाताने लिहिणार, मी टाइप करणार. ज्यांची पुस्तकं जीव मुठीत धरून वाचली, त्यांच्याच घरी नोकरी!

७ जून
बाईंची जीभ म्हणजे कात्री. एक वेलांटी चुकली तर पानं अंगावर फेकली. डोळे गहाण टाकलेत का, म्हणाल्या. स्वयंपाकीणबाई मात्र आग्रहाने वाढतात आणि कीव आल्यासारख्या बघत राहतात. का, ते कळेना.

१२ जून
सोळावं पान कुठंय, असं बाईंनी विचारलं. कालच त्यांच्या हातात दिलं होतं. दिलंच नाहीस, म्हणाल्या. शेवटी माझ्या उशीखाली सापडलं. मी ठेवलेलं नाही. बाई माझ्या तोंडाकडे बघत वहीत काहीतरी टिपत होत्या.

१५ जून
गोळी घेतलीस का, असं स्वयंपाकीणबाईंनी विचारलं. कसली गोळी? त्या गडबडल्या. मग कळलं. बाईंनी सगळ्यांना सांगितलंय की मी त्यांची भाची आहे, डोक्यावर परिणाम झालेली. टायपिंग नुसतं मन रमवायला.
मी बाईंना जाब विचारला. त्या शांतपणे म्हणाल्या, "शहाणं माणूस कसं मोडतं, ते बघितल्याशिवाय मला लिहिता येत नाही. जा, सांग कुणालाही."

१६ जून
ताईला फोन केला. सगळं सांगितलं. ती रडायलाच लागली. बाईंनी तिला आधीच फोन करून माझं डोकं फिरलंय म्हणून — नोकरी झेपली नाही गं तुला, म्हणाली. डॉक्टरांना घेऊन येते, म्हणाली. माझी सख्खी बहीण!

१७ जून
फाटकाला कुलूप. माळीकाकांच्या हातापाया पडले. आत जा पोरी, म्हणाले, अगदी मायेने. मी किंचाळले. किंचाळायला नको होतं. बाई खिडकीत — वही घेऊन —

१८ जून, सकाळ
ताई आलीय. डॉक्टरही. खाली बोलतायत. सही कुठे करायची, असं ताई विचारतेय —
बाई वर आल्या. दार लावलं. खुर्ची ओढून समोर बसल्यात.
लिही, म्हणतायत. थांबू नकोस. आत्ता काय वाटतंय ते सगळं —
जिन्यात पावलं. ताईच. तिला ही वही दाखवीन. हिच्यात सगळं आहे, तारखांसकट. वाचलं की तिला पटेल —
बाईंनी हात पुढे केलाय. हसतायत. आण इकडे, म्हणतायत, एवढंच तर हवं होतं मला —
नाही देणार. ताई, ता