कारचं तेल

बाबा,

चहा थर्मासमध्ये आहे. मी आज बसने कामावर जातेय. मोटरसायकल जिन्याखालीच आहे, पण ती कोणालाही सुरू करू देऊ नका.

काल चढावर इंजिन नुसतं ओरडत होतं आणि गाडी काही पुढे सरकेना. घरी येऊन बघितलं, तर तुमच्या कारच्या तेलाचा डबा निम्मा झालेला. तेल चांगलंच आहे हो, पण मोटरसायकलचा क्लच इंजिनच्या तेलातच बुडालेला असतो. कारच्या तेलाने तो इतका बुळबुळीत होतो की पकडच घेत नाही.

तेल कोणी घातलं, हे मी विचारत नाही. तुमच्या चिरंजीवांवर तर संशयच नाही. तेल कुठून घालतात हेही त्यांना ठाऊक नाही.

येताना मोटरसायकलचं तेल आणते. दहा-डब्ल्यू-तीस जाडीचं, आणि डब्यावर एमए लिहिलेलं असलं की क्लच घसरत नाही. आतलं सगळं आधी काढावं लागेल, म्हणून एक जुनं घमेलं शोधून ठेवा आणि अंगात जुना शर्ट घाला. दोघं मिळून करू.

मी लग्न होऊन आले, तेव्हा "सून मोटरसायकल चालवणार?" म्हणून तुम्ही या गाडीकडे जी पाठ फिरवलीत, ती आजपर्यंत. मग तिच्यातलं तेल कमी झालंय हे तुम्हाला पाठमोरं कसं दिसलं, तेवढं संध्याकाळी सांगा.