रणकेतूचा क्लोजअप

५ जानेवारी, रविवार
नाट्यमंडळाची मीटिंग. ठरलं एकदाचं. आमचं 'संगीत रणकेतू' शूट होणार आणि लोक ते घरी सोफ्यावर पाय पसरून टीव्हीवर बघणार. लग्नाचे व्हिडिओ करणारा हर्षल डायरेक्टर. राजा रणकेतू अर्थातच मी. सेनापती किशोर, घोटीचा तांदळाचा व्यापारी. सबंध नाटकात त्याला एकच पद, आणि दर प्रयोगात वन्स मोअर त्यालाच. माझ्या दरबारच्या पदाला आजवर एकदाही नाही. कारण उघड आहे. तो झटपट उरकतो, लोकांचं पोट भरत नाही. माझ्या गाण्यानं भरतं.
संकल्प: या वेळी वन्स मोअर मी घेणार. साखर बंद.

८ जानेवारी
साखर चालू. उपाशीपोटी वरचा सा लागत नाही.
हर्षल म्हणाला, कॅमेरा पार चेहऱ्याजवळ येतो, काही लपत नाही. किशोरची दयाच आली. पोती मोजून मोजून त्या चेहऱ्यावर उरलंय काय! मी फेशियल करून घेतलं. पार्लरवालीनं विचारलं, घरात लग्न आहे का. हो म्हणालो.

१६ जानेवारी, दुपार
गाण्यांचं रेकॉर्डिंग. हर्षलची पद्धत अशी, की आधी स्टुडिओत गायचं आणि शूटिंगला तेच स्पीकरवर लावून नुसते ओठ हलवायचे. दरबारचं पद गायलो. आज खरंच गायलो. संपल्यावर काचेपलीकडून किशोर आत आला, माझा हात धरला आणि म्हणाला, राजे, आज काय लागलाय आवाज!
जळतोय. हात गरम होता त्याचा.

२ फेब्रुवारी, रविवार
शूटिंग. किशोर पहिल्या टेकला ओके. साहजिक आहे, तो दर वेळी तेच तसंच गातो. माझं तसं नाही. एकच तान दोनदा सारखी घेतली की आमचे गुरुजी ताट वाढलेलं असलं तरी उठवायचे. स्पीकरमधला मी खाली उतरत होतो, तेव्हा इथला मी अजून वरच. हर्षल म्हणाला, काका, तुमचं तुम्हालाच जुळत नाय. मी म्हणालो, हीच तर कला. तो म्हणाला, कला लय भारी हाय, पण टीव्हीवर दुसराच कुणी गातोय असं दिसतंय.
जेवणं झाली, चहा झाला, दाढी पुन्हा चिकटवून झाली. सीनमध्ये सेनापतीला माझं गाणं ऐकत उभं राहायचं असतं. किशोर दिवसभर हात जोडून उभा. मुद्दाम चेहऱ्यावर भाव आणत होता. मला सगळं दिसत होतं.

११ फेब्रुवारी
हर्षलच्या सिडकोतल्या ऑफिसवर अचानक धाड. स्क्रीनवर माझं पद चालू. आवाज माझा, चेहरा किशोरचा! डोळे भरलेले, आणि ओठ हलतायत. माझ्या तानेवर! अचूक! हर्षल म्हणाला, त्यांनी रेकॉर्डिंग मागून नेलं होतं, घोटीहून येता-जाता गाडीत तेच लावतात, पाठच झालंय. तुमचे ओठ जुळत नव्हते म्हणून त्यांचा क्लोजअप टाकला.
मी कुठे आहे, विचारलं. सुरुवातीला पाठमोरा आहे म्हणाला. शेवटी मुकुट आहे.
चोर. दुसऱ्याचं गाणं गाडीत घालून नेतो म्हणजे काय!

१४ फेब्रुवारी
मंडळाचा राजीनामा लिहून तयार. खिशात ठेवलाय. अजून कोणी मागितला नाही, म्हणून दिलेला नाही.

२१ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. आवाज हाच खरा कलावंत. ज्यांना कान आहेत ते बरोबर ओळखतील. पहिल्यांदा नामपूरला, सासरी सगळ्यांसमोर लावायचं. सासूबाईंना गाण्यातलं कळतं.

९ मार्च, रविवार. नामपूर
सासूबाई, मेहुणा मयूर, शेजारपाजार, सगळे टीव्हीपुढे. दरबारचं पद लागलं. मी टीव्ही सोडून सासूबाईंकडेच बघत होतो. पद संपलं, आणि सासूबाईंनी मयूरला सांगितलं, परत लाव. परत लावलं. पुन्हा लाव म्हणाल्या.
वन्स मोअर! माझ्या दरबारच्या पदाला! डोळे पुसायला रुमाल काढला, तेवढ्यात सासूबाई स्क्रीनवरच्या किशोरकडे बोट दाखवून म्हणाल्या, काय गोड गळा शे या बाबाचा.
मी म्हणालो, आवाज माझा आहे. सगळे हसले. सुवर्णाकडे बघितलं. एवढ्या वर्षांची बायको. ती म्हणाली, आवाज ओळखीचा वाटतोय खरा, पण तुमचा असता तर तुम्ही दिसला नसता का?
मयूर म्हणाला, दाजी, मग म्हणून दाखवा. उभा राहिलो. टीव्ही लावला, सोबत गायलो. जीव ओतून गायलो. टीव्हीतली तान एकीकडे, माझी दुसरीकडे. सासूबाईंनी मान हलवली. जावई म्हणून जास्त बोलल्या नाहीत.
शेवटी किशोरलाच फोन लावला, स्पीकरवर. म्हणालो, यांना खरं सांग. माणसानं एका दमात सांगितलं, आवाज राजांचा आहे, मी नुसता ओठ हलवत होतो, असं गाणं मला सात जन्मात जमायचं नाही.
मग सासूबाईंनी फोनला हात जोडले. म्हणाल्या, एवढं गाईसन बी नाव दुसऱ्याचं घेतो, कितला मोठा मनना माणूस शे!
पुढच्या रविवारी त्याला इथे जेवायला बोलावलंय. पुरणपोळी. त्याला घोटीहून मीच घेऊन यायचंय.